लाल दोरी

धनुष्याच्या दोरीवर मधोमध, जिथे बाणाची खाच बसते, तिथे आम्ही पिवळ्या धाग्याचे वेढे घट्ट गुंडाळत असू. त्या वेढ्यांची वरची कड कुठे असायला हवी, याची खूण मी दोरीवर शाईने केली होती. सकाळी कड खुणेला टेकलेली होती. चंदाने तासभर बाण मारले आणि मी पुन्हा पट्टी लावली, तेव्हा कड तीन मिलिमीटर खाली सरकली होती. ज्वारीच्या दाण्याएवढंही अंतर नाही ते. पण बाणाची शेपटी तेवढी खाली आली की टोक वर होतं, आणि तेवढ्याने तीस मीटरवर बाण टीचभर वर लागत होता.

"अगो चंदा, लक्ष्य खाली आहे, झाडावर नाय," दत्ता सर डोळ्यांवर हाताची सावली करून म्हणाले.

"सर, मी तं तिथंच धरून राह्यली," चंदा म्हणाली. "बाणालेच वरती काही काम निघालं असंल."

दत्तात्रय सर मूळचे मालवणचे. सिल्वासाच्या सरकारी शाळेत ते खेळ शिकवायचे आणि रविवारी सकाळी गलोंड्याच्या मोकळ्या मैदानावर आम्हाला धनुर्विद्या शिकवायचे. चंदा शिरपूरहून आलेली. सायली गावातल्या ज्या यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते, तिथेच ती वाइंडिंगला, धागा बॉबिनवर गुंडाळायच्या खात्यात होती. कारखान्यात ती मला मॅडम म्हणायची. मैदानावर मात्र मी ताई होते, कारण तिथे तिचे बाण माझ्यापेक्षा जवळ लागत आणि मॅडम म्हणून हसता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पुढच्या रविवारी आमच्या केंद्रशासित प्रदेशाच्या महिला संघाची निवड होती. बांबूच्या धनुष्याच्या गटात चौघी घेणार होते. मागच्या वर्षी चंदा पाचवी आली होती. या वर्षी चौथी यायचंच, यापलीकडे ती काही बोलत नसे. पण क्लबची एकुलती एक परदेशी दोरी गणपतीच्या सुमारास तुटली होती, मागवलेली अजून आली नव्हती, आणि आम्ही स्वतः बनवलेल्या दोरीवर तिचे बाण दर फेरीला थोडे थोडे वर चालले होते.

ती दोरी आमच्या अभिमानाची गोष्ट होती, म्हणून मनाला जास्त लागत होतं.

आता आमच्या इंटरनेटवरच्या पानाबद्दल सांगायला हवं. १९९९ साली किलवणी नाक्यावर अभिजीतचा कॉम्प्युटर क्लास होता आणि तिथल्या एका मशीनवर इंटरनेट होतं. अभिजीत आमच्या क्लबचा सभासद. त्याचे बाण सहसा लक्ष्याच्या मागच्या बांधावर सापडत. जून महिन्यात त्याने मला जगभरच्या तिरंदाजांच्या एका ई-मेल गटात घुसवलं. मी भीत भीत एकच प्रश्न विचारला: दमट हवेत बांबूचं धनुष्य कसं ठेवावं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघते तर फिनलंडहून उत्तर, कोरियाहून उत्तर, शिलाँगहून एका प्राध्यापकांचं लांबलचक उत्तर. ज्यांना मी कधी भेटणार नव्हते, ती माणसं माझ्या धनुष्याच्या बुरशीवर आपसात वाद घालत होती! परत येताना मी डोकमर्डीच्या माझ्या खोलीपर्यंत रिक्षा न करता चालत आले. रिक्षात बसून राहणं शक्यच नव्हतं.

असं काहीतरी आपल्या भाषेत हवं, हे मी अभिजीतला सांगितलं तेव्हा त्याने इंटरनेटवर आधीच फुकटची जागा घेऊन ठेवलेली होती. प्रश्न, त्याखाली उत्तर, विषयवार मांडलेलं: धनुष्य, बाण, दोरी, उभं राहणं, नेम. कोणाचं उत्तर हवेत विरून जायला नको, पुढच्याला ते पुन्हा विचारायला लागू नये. मराठी अक्षरं प्रत्येक मशीनवर दिसत नसत, म्हणून आम्ही मराठीच पण रोमन लिपीत लिहायचो. पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा होता. अभिजीत क्लास उघडल्यावर देवाला उदबत्ती लावायच्या आधी तो बघायचा.

नियम माझा होता. लोकांनी मेलवर माहिती पाठवायची, आम्ही ती मैदानावर करून पाहायची, मगच ती पानावर चढवायची आणि शेवटी 'करून पाहिले' असं लिहायचं. याला कारण होतं. सुरुवातीलाच एकाने लिहून पाठवलं होतं की बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडली की हात छान तयार होतो. तसं केलं तर बाणात जायचा तो सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि बांबू फुटतो, बहुधा ओढणाऱ्याच्या तोंडाजवळ. ते वाचून कोणी तसं केलं असतं तर? म्हणून पान बदलायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. टाइप करताना अभिजीतसुद्धा मान फिरवायचा.

पण मेल वाढत गेल्या. भुसावळ, नांदेड, कराड, मस्कतमधला एक मराठी इंजिनियर. आम्हाला रविवार एकच, आणि करून पाहण्याच्या गोष्टी ढीगभर. अभिजीत मला अधूनमधून विचारायचा, "ताई, ओळखीच्या चार लोकांना पासवर्ड देऊ या का? त्यांचं ते चढवतील."

"बघू," मी म्हणायचे.

"मागच्या महिन्यातही बघूच होतं."

"अजून बघतेय."

दोरीचं पान सप्टेंबरात चढलं. परदेशी दोरी म्हणजे तरी काय, पॉलिएस्टरच. आणि पॉलिएस्टरचा धागा तर आमच्या भोवती बॉबिनवर बॉबिन फिरत होता! चांगला चिवट, न ताणणारा धागा निवडून मी तो प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तोडून पाहिला. साहेबांची परवानगी घेतली होती. ते म्हणाले, करा, फक्त मला नेम धरायला बोलवू नका. किती पदर घेतले म्हणजे दोरी किती जोर सोसेल, याचा तक्ता मी केला. चंदाने फळीवर दोन खिळे ठोकून पदर असे सारख्या ताणाने भरले की एकही ढिला नव्हता. वर मेण चोळलं. 'कारखान्याच्या धाग्याची दोरी: करून पाहिले.' त्या आठवड्यात पानाखालचा आकडा असा पळत सुटला की अभिजीतला वाटलं, मशीन बिघडलं.

आणि आता तीच दोरी चंदाचे बाण वर पाठवत होती.

सोमवारी मी दोरी प्रयोगशाळेत नेली. माझा संशय ताणावर होता. वजन टांगून ठेवलं, काढलं, लांबी मोजली. दोरी जशीच्या तशी. म्हणजे दोरी लांबत नव्हती. तिच्यावरचे वेढे जागा सोडत होते. पुन्हा आवळून गुंडाळले, मंगळवारी चंदाने शिफ्ट संपल्यावर मारून पाहिलं. पुन्हा सरकले. बुधवारी वेढ्यांखाली जास्तीचं मेण भरलं. मेण कपच्यांसारखं सुटून तिच्या बोटांना लागलं.

"ताई, वेढा धरतच नाही. मासोळी धरल्यासारखं लागतं," ती म्हणाली. हसली नाही. ती हसली नाही की मला फार वाईट वाटायचं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं अभिजीतच्या क्लासमध्ये जमलो. मी ठरवलं होतं की परदेशातल्या गटात विचारायचं. लाइन लागायला वेळ होता, मोडेम कुरकुरत होता, म्हणून अभिजीत म्हणाला, "तोवर आपल्या पडून असलेल्या मेल बघू या की. दोरी शब्द शोधतो."

यादी आली आणि खाली खाली जातच राहिली.

"एवढ्या?" दत्ता सर चष्मा पुसत पुढे सरकले. "वाच रे."

अभिजीत वाचू लागला. भुसावळचा रेल्वेतला माणूस लिहीत होता: दोरी उत्तम झाली, धन्यवाद, पण बाण हळूहळू वर जातात, माझ्या उभं राहण्यात चूक असावी. नांदेडच्या शिक्षिका: बाण वर जातात, मी नवी आहे, माफ करा. कराडहून: वर जातात, वय झालं असेल, हात कापतो. मस्कतच्या इंजिनियरने आलेख काढून पाठवला होता, बाणांचा क्रमांक आणि उंची, एक सुंदर चढती रेघ. त्याने दोष तिथल्या उन्हाला दिला होता.

मग चंदा टाळी वाजवून ओरडली, "म्हणजे मी एकटी नाही! सगळ्याइचे वर जाऊन राह्यले! सर, तुम्ही मले झाडावरून बोलले ना? आता भुसावळले जाऊन बोला!"

"थांब गो, नाचू नको, वायर तुटेल," दत्ता सर म्हणाले, पण तेही खुर्चीवरून उठले होते.

एका माणसाचे बाण वर गेले तर ती चूक असते. इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या हातांनी एकच गोष्ट होत असेल तर ते निरीक्षण असतं. कारण एकच असणार, आणि ते सापडणार!

"कोणाचे बाण वर जात नाहीत, असं कोणी लिहिलंय का?" मी विचारलं. "तेच मला हवंय. दोरी आपलीच, पण बाण सरळ."

अभिजीतने खाली जात जात एक मेल उघडली. इचलकरंजीहून सुमन. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिचं नाव मला आठवत होतं. तिने पहिल्यांदा लिहिलं होतं की मला धनुष्याला लाल दोरी हवी होती म्हणून मामांच्या डाइंगमध्ये धागा रंगवून घेतला, फोटो पाठवते, पानावर लावाल का? मी तिला उत्तर दिलं होतं की रंगाने दोरीच्या ताकदीत फरक पडत नाही, त्यामुळे ही माहिती चढवता येणार नाही. ही तिची दुसरी मेल होती. अभिजीतने ती मोठ्याने वाचली: "'ताई, रंगाने फरक पडत नाही हे पटलं. पण माझ्या मैत्रिणीने पांढरी दोरी केली, तिचे बाण वर जातात. माझे जात नाहीत. मला फक्त लाल दोरी हवी होती, हो! पण बाणांना लाल रंग आवडत असेल का?'"

दत्ता सर खो खो हसले. "आता हिच्यासाठी कुंकू लावा दोरीला."

"लावू ना," चंदा म्हणाली. "रविवारपर्यंत मी काहीही लावीन."

मी हसत होते आणि हसता हसता थांबले. डाइंग. रंग चढायच्या आधी काय करतात? धागा सोड्याच्या गरम पाण्यात उकळून घेतात. का? त्यावर असलेलं तेल जावं म्हणून.

"तेल!" मी इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या खोलीतल्या टायपिंगच्या मुली वळून बघायला लागल्या.

"तेल काय?" अभिजीत म्हणाला.

धागा मशीनवर प्रचंड वेगाने पळतो. तो घासून तुटू नये, त्यात वीज साठू नये म्हणून बॉबिनवर जाण्याआधी त्याला तेलाचा हात दिलेला असतो. त्या तेलाचं प्रमाण मोजणं हे माझं रोजचं काम होतं. तेल कमी भरलं तर मी तो माल परत पाठवायचे. तेल नसलेला धागा म्हणजे बिघडलेला धागा, असं आमच्या कारखान्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. ते तेल काढून टाकायचं असतं, ही कल्पना आम्हाला सुचणारच नव्हती. मी दोरी तेलासकट तोडून पाहिली होती, ताकद अचूक मोजली होती, आणि मेण तेलावर बसत नाही इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मेण बसत नाही, म्हणून पदर एकमेकांना धरत नाहीत, म्हणून वेढे घसरतात, म्हणून बाण वर.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. चंदा तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

"आणि मी रोज त्याच तेलानं हात माखून घरी जाते," ती म्हणाली. "घ्या! कोणाकडे धुवायचं?"

माझ्याकडेच. माझ्या खोलीतल्या स्टोव्हवर, डाळीच्या मोठ्या पातेल्यात, पाणी आणि धुण्याचा सोडा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही धाग्याची लड त्यात सोडली. पाण्यावर थोड्या वेळाने इंद्रधनुष्याच्या रंगाचा पातळ तवंग आला. आयुष्यात मी कितीतरी प्रयोग केले, पण कुठला तवंग बघून मी अशी उडी मारलेली मला आठवत नाही. चंदाने लड पिळली, धुतली, दोन बोटांत धरून ओढली.

"ऐका ताई," ती म्हणाली. धागा बोटांत किंचित करकरला. तेलकट धागा कधीच असा आवाज करत नाही.

शनिवारी सकाळी लड वाळली. दोन खिळ्यांच्या फळीवर चंदाने पदर भरले, मेण चोळलं, आणि या वेळी मेण आत मुरलं, पदर एकमेकांना बिलगून एकच दोरी झाली. वेढे गुंडाळले, शाईची खूण केली. दुपारी मैदानावर तिने बाण मारायला सुरुवात केली. दर फेरीनंतर मी पट्टी लावत होते आणि दत्ता सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"किती?"

"शून्य."

"आता?"

"शून्य, सर."

"तुझी पट्टी बरोबर आहे ना गो?"

चंदाने शेवटची फेरी मारली. सहाही बाण खालच्या ओळीत, एकमेकांच्या शेजारी, शाळेतल्या मुलांसारखे उभे होते.

"आता हे खाली जाऊन राह्यले," चंदा म्हणाली, आणि मी घाईने पुन्हा पट्टी काढली. मग ती खळखळून हसली. "अहो, मी आठवडाभर खाली धरायला शिकले ना! आता सरळ धरते."

रविवारी निवड झाली. मैदानाच्या कडेला कारखान्यातल्या तिच्या शिफ्टच्या बायका डबे घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक बाणाला "चंदा गं!" असं ओरडत होत्या. अधिकाऱ्यांनी दोनदा गप्प केलं. पहिल्या फेऱ्यांत ती सहावी होती. खाली धरायची सवय पूर्ण गेली नव्हती. मग पाचवी झाली आणि तिथेच अडकली. दत्ता सर मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. मी वेढ्यांच्या कडेकडे बघत होते, लांबून दिसणं शक्य नसतानाही. शेवटच्या फेरीत ती नेम धरून जरा थांबली, श्वास सोडला, पुन्हा धरला. एकेक बाण आत गेला, सगळे मधल्या वर्तुळाच्या आसपास.

फळ्यावर नावं लिहिली गेली. तिचं चौथं होतं.

बायकांनी तिला उचलायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. अभिजीत नाचत होता. दत्ता सर डोळ्यात कचरा गेल्याचं सांगत होते. चंदा धनुष्य तसंच हातात घेऊन धावत माझ्याकडे आली, दोरी माझ्यासमोर धरली.

"लावा पट्टी."

मी लावली. कड खुणेवर होती.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "त्या नांदेडच्या बाई आजही रविवारी मारत असतील ना? त्यांचे वर जात असतील. त्या स्वतःलेच दोष देऊन राह्यल्या असतील. त्या कराडच्या आजोबांना वाटतंय, हात कापतो."

"आज संध्याकाळी चढवते मी," मी म्हणाले. "आधी दमट दिवसात पुन्हा एकदा करून पाहायला हवं, पण..."

"आणि तोवर?" दत्ता सर म्हणाले. आता त्यांच्या डोळ्यात कचरा नव्हता. "हे बघ, इतरांच्या चुका तू तपासतेस, ते बरोबरच आहे. पण तुझी चूक दोन महिने 'करून पाहिले' लिहून बसली होती. ती कोण तपासणार होतं? त्या सगळ्यांना एकमेकांच्या मेल दिसल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हटलं असतं, माझेपण जातात."

"आणि लाल दोरीवाली तिथंच बोलली असती," चंदा म्हणाली.

बाण न लावता दोरी सोडायला सांगणारा तो माणूस मला आठवला. तशा सल्ल्याची माझी भीती खोटी नव्हती. पण त्याने ते थेट पानावर लिहिलं असतं तर भुसावळच्या माणसाने, मस्कतच्या इंजिनियरने, चंदाने, कोणीतरी त्याच्याखाली लगेच लिहिलं असतं: असं करू नका, फुटेल. मी एकटी दाराशी उभी होते म्हणूनच त्यांना तसं लिहिता येत नव्हतं. आणि सुमनला तर मी दारातूनच परत पाठवलं होतं.

अभिजीत नाचायचा थांबून माझ्याकडे बघत होता. विचारत नव्हता, कारण उत्तर त्याला पाठ होतं.

"पानाची प्रत दर आठवड्याला फ्लॉपीवर घेत जाशील?" मी विचारलं. "कोणी काही पुसलं तर परत चढवता येईल अशी?"

"रोज घेईन," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला होता.

"आणि प्रत्येकाने आपलं नाव आणि गाव लिहायचं. करून पाहिलं असेल तर तसं, नसेल तर नाही पाहिलं असं."

"ताई, मुद्द्याचं बोला ना," चंदा म्हणाली.

मी पट्टी पिशवीत ठेवली.

"पासवर्ड सगळ्यांना देऊन टाकू," मी म्हणाले. "सुमनला पहिला."